लिनक्स चढलं, पण वाय-फाय गायब! जुन्या संगणकाचे ड्रायव्हर समजून घेऊ या

बीड शहरातल्या एका मोहल्ल्यात मुलांसाठी छोटी अभ्यासिका चालते. दोन खोल्या, काही बाकं आणि लोकांनी दिलेले चार जुने संगणक. त्यात एक लॅपटॉप, दहा-अकरा वर्षांचा. या सगळ्यांवर विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यावर वर्षभराची वाढीव सोय मिळते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकावं, तर त्याला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या घरातले बहुतेक जुने लॅपटॉप इथेच बाद होतात.

मग आम्ही ठरवलं की लिनक्स टाकायचं. फुकट आहे, जुन्या मशीनवरही बरं चालतं. एका संध्याकाळी इशानंतर बसलो आणि तीन संगणक तासाभरात तयार झाले. लॅपटॉपवर मात्र गाडी अडली. लिनक्स चढलं, पडदा छान आला, आवाज आला, पण वाय-फायचं चिन्हच नाही! एका मुलीला त्याच लॅपटॉपवरून अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. २०२५ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, म्हणजे तारीख चुकली की फेरी गेली. तिचे अब्बू ऊसतोडीला गावोगाव जाणारे. नवा लॅपटॉप हा विषयच त्यांच्या घरात निघत नाही. फॉर्म त्या रात्री एका भाऊच्या मोबाईलवरून कसाबसा भरला. पण "लिनक्स म्हणजे कटकट" असं म्हणून दोघा-तिघांनी हात झटकले.

दोष लिनक्सचा नव्हता आणि लॅपटॉपचाही नव्हता. एक निळा पडदा आला होता. तो आम्ही वाचला नाही, एवढंच. त्याबद्दल पुढे सांगतोच. आधी ही ड्रायव्हरची भानगड नेमकी काय आहे, ते समजून घेऊ या. म्हणजे तुमच्या घरी कुणी हा उद्योग करायला बसलं, तर त्याचा दिवस वाया जाणार नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकात पडदा, डिस्क, वाय-फायची चिप, कॅमेरा, आवाजाची चिप असे बरेच भाग असतात आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. या भागाशी त्याच्या भाषेत बोलणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर भाग जागेवर असूनही नसल्यासारखाच.

विंडोजमध्ये आपल्याला सवय असते की कंपनीची सीडी घाला किंवा वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवा. लिनक्समध्ये रीत वेगळी आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच, हजारो ड्रायव्हर आधीपासून येतात. मात्र ते सगळे एकदम मेमरीत भरले जात नाहीत. त्यांचे वेगवेगळे तुकडे करून डिस्कवर ठेवलेले असतात. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. ज्या मशीनला जे लागेल, तेवढंच उचललं जातं.

कोणतं लागेल हे कसं कळतं? प्रत्येक भागाला दोन नंबर असतात. एक कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. आधार कार्डासारखंच समजा. इंटेलचा कंपनी नंबर आहे ८०८६, त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा. संगणक सुरू झाला की कर्नल प्रत्येक भागाला त्याचा नंबर विचारतो. मग यूडेव्ह नावाची व्यवस्था यादीत बघते की या नंबरचा माणूस कोण सांभाळतो, आणि ते मॉड्यूल लोड करते. सगळं काही सेकंदांत होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

किल्ली घरात, कुलूप बाहेर

इथे एक गंमत आहे. ड्रायव्हर डिस्कवर ठेवलेले आहेत. पण डिस्क वाचायलाच डिस्कचा ड्रायव्हर लागतो! म्हणजे घराची किल्ली आत राहिली आणि दाराला कुलूप बाहेरून लागलं, अशी अवस्था.

यावरचा उपाय म्हणजे इनिटरॅमएफएस. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. शेजारच्या चाचींकडे आपण जादा किल्ली ठेवतो ना, तसंच. ही एक छोटी गाठोडी असते. त्यात डिस्क उघडण्यापुरते गरजेचे ड्रायव्हर बांधलेले असतात. संगणक सुरू होताना क्रम असा असतो:

१. आधी मशीनचं स्वतःचं फर्मवेअर जागं होतं. जुन्यात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय.

२. ते ग्रब या बूटलोडरला उठवतं. "उबुंटू", "लिनक्स मिंट" अशी यादी दाखवणारा काळा पडदा तो हाच.

३. ग्रब दोन गोष्टी मेमरीत आणतो, कर्नल आणि ती गाठोडी.

४. कर्नल गाठोडीतून डिस्कचा ड्रायव्हर काढतो, डिस्क उघडतो.

५. आता खरं घर उघडलं. मग डिस्कवरचे बाकीचे ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय, आवाज, कॅमेरा, एकेक करून लोड होतात.

हा क्रम डोक्यात बसला की निम्मी लढाई जिंकली. कारण गाडी कुठल्या पायरीवर अडली यावरून उपाय ठरतो. बघा कसं ते.

अडचण पहिली: पडदाच काळा

पेनड्राइव्ह लावला, मेनू आला, एंटर दाबलं आणि पडदा काळा. पंखा फिरतोय, पण दिसत काहीच नाही. बहुतेक वेळा हा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर. कर्नल कार्डाशी पूर्ण ताकदीने बोलायला जातो आणि तिथेच अडखळतो.

उपाय असा. मेनूवर असताना कीबोर्डवरचं इंग्रजी ई दाबा. चार-पाच ओळी दिसतील. "लिनक्स" या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून "नोमोडसेट" हा शब्द इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, सलग लिहा: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी. मग एफ-१० दाबा. आता कर्नल साध्या पद्धतीने चित्र दाखवेल. हे लिहिणं नको वाटत असेल, तर लिनक्स मिंटच्या मेनूत "कम्पॅटिबिलिटी मोड" आणि उबुंटूच्या मेनूत "सेफ ग्राफिक्स" असा पर्याय तयारच असतो.

लक्षात ठेवा, हा शब्द त्या एका वेळेपुरताच लागू होतो आणि तो कायमचा इलाजही नाही. लिनक्स चढल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून कार्डाचा योग्य ड्रायव्हर टाकायचा, मग या कुबडीची गरज राहत नाही.

अडचण दुसरी: डिस्कच दिसत नाही

इन्स्टॉल करताना विचारतात की कुठल्या डिस्कवर टाकू, आणि यादीत फक्त तुमचा पेनड्राइव्ह. ही चौथ्या पायरीवरची अडचण. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंपनी डिस्कला इंटेलच्या आरएसटी किंवा रेड या पद्धतीत लावून पाठवते. तेव्हा उबुंटूचा इन्स्टॉलर कधीकधी स्वतःच सांगतो की हे बंद करा. बायोसमध्ये जाऊन आरएसटीच्या जागी एएचसीआय निवडलं की डिस्क दिसायला लागते.

पण थांबा! इथेच लोक घात करून घेतात. त्या मशीनवर विंडोज ठेवायचं असेल, तर हा बदल केल्यावर ते सुरूच होणार नाही, जोवर आधी विंडोजला सेफ मोडमधून तयार केलेलं नसेल. शिवाय डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बायोसला हात लावताच ती रिकव्हरीची ४८ आकडी किल्ली मागते. ती कुठे लिहून ठेवलेली नसेल तर अम्मी-अब्बूंच्या हजच्या फोटोंपासून जमिनीच्या कागदांच्या स्कॅनपर्यंत सगळं गेलं समजा. म्हणून पहिलं काम बॅकअप, दुसरं काम ती किल्ली वहीत उतरवणं, आणि मगच बायोस.

ऑफिसात, कॉलेजात रेड हॅट घराण्यातलं लिनक्स टाकताना सर्व्हरची डिस्क दिसली नाही, तर तिथे वेगळी सोय आहे. कंपनीने दिलेला ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवून बूटच्या ओळीत "इन्स्ट डॉट डीडी" असं इंग्रजीत जोडतात. मग इन्स्टॉलर सुरुवातीलाच विचारतो की ड्रायव्हर कुठून घेऊ. पेनड्राइव्हला ओईएमडीआरव्ही हे लेबल दिलेलं असेल तर विचारतही नाही, स्वतःच उचलतो. ज्यांच्या मुलांना सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करायची आहे त्यांनी हे जरूर शिकून घ्यावं.

अडचण तिसरी: वाय-फाय नाही

आता आपल्या अभ्यासिकेतल्या लॅपटॉपकडे येऊ. वाय-फायच्या बाबतीत तीन वेगवेगळी कारणं असतात, आणि लोक तिघांना एकच समजतात.

एक, फर्मवेअर नसणं. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण चिपला सुरू होताना स्वतःची एक छोटी फाइल लागते. ती कंपनीची असते, तिचा सोर्स खुला नसतो. डेबियनवाले तत्त्वासाठी अशा फाइली आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नव्हते. २०२२ मध्ये त्यांच्यात मतदान झालं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या आत आल्या. म्हणून कुणी जुनी सीडी किंवा जुनी आवृत्ती देत असेल तर घेऊ नका. नवी आवृत्ती घेतली की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

दोन, ड्रायव्हरच कर्नलच्या बाहेरचा असणं. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांचं असं आहे. त्यांचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. उबुंटू टाकताना "थर्ड-पार्टी सॉफ्टवेअर" असा एक चौकोन येतो, त्यावर खूण करायला विसरू नका. मिंटमध्ये नंतर ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा.

पण इंटरनेट नाही तर ड्रायव्हर उतरवणार कसा, हा प्रश्न येतोच. दोन रस्ते आहेत. अँड्रॉइड मोबाईल केबलने संगणकाला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्स त्याला तारेचं नेट समजून लगेच ओळखतं, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुसरा रस्ता असा की, मिंटचा जो पेनड्राइव्ह वापरला तोच पुन्हा लावा. त्यात हे काही ड्रायव्हर असतात आणि ड्रायव्हर मॅनेजर ते तिथून घेऊ शकतो.

तीन, सिक्युअर बूट. आमचं घोडं इथेच पेंड खात होतं. नव्या मशीनमध्ये ही सुरक्षा असते की सही नसलेला कुठलाही प्रोग्रॅम सुरू होताना आत येऊ नये. कर्नलसोबतच्या ड्रायव्हरवर सही असते. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर मात्र तुमच्याच मशीनवर तयार होतो, त्याची सही मशीनला ओळखीची नसते. म्हणून टाकताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतात. मग रिस्टार्ट केल्यावर एक निळा पडदा येतो. त्यावर "एनरोल मोक" निवडून, "कंटिन्यू" आणि "येस" करून तोच पासवर्ड द्यायचा. म्हणजे मशीनला तुम्ही सांगितलं की ही सही माझी आहे, येऊ दे.

हा निळा पडदा फक्त दहा सेकंद थांबतो. आमच्यातला एक मुलगा पासवर्ड ठरवून बाहेर पाणी प्यायला गेला. परत आला तोवर पडदा निघून गेला होता. ड्रायव्हर डिस्कवर होता, पण दारावरचा पहारेकरी त्याला आत सोडत नव्हता. हाताने लोड करायला गेलो तर उत्तर आलं की "की" नाकारली. ते वाक्य नीट वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये "सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी", त्यापुढे जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि "एनरोल-की" असं इंग्रजीत लिहिलं. पुन्हा पासवर्ड ठरवला, रिस्टार्ट केलं आणि या वेळी कुणीही जागचं हललं नाही. निळा पडदा येताच बटण दाबलं. दोन मिनिटांत वाय-फाय सुरू! काही जण सांगतात की सिक्युअर बूटच बंद करून टाका. त्यानेही काम होतं, पण सार्वजनिक जागेच्या संगणकावर आम्ही ती सुरक्षा राखणंच पसंत केलं.

नेमकं काय अडलंय, कसं ओळखायचं?

अंदाजाने दहा गोष्टी करण्यापेक्षा संगणकालाच विचारा. टर्मिनल उघडून तीन प्रश्न विचारता येतात. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायचं.

पहिला, "एल-एस-पी-सी-आय", मग जागा सोडून आडवी रेघ आणि के. ही आज्ञा मशीनमधले भाग आणि प्रत्येकापुढे "कर्नल ड्रायव्हर इन यूज" दाखवते. वाय-फायच्या भागाखाली ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही. यूएसबीवर चालणाऱ्या वस्तूंसाठी "एल-एस-यू-एस-बी" आहे.

दुसरा, "सुडो डी-एम-ई-एस-जी". सुरू होताना कर्नलने काय काय केलं त्याची ही डायरी. त्यात "फर्मवेअर" आणि "फेल्ड" हे शब्द जवळजवळ दिसले, तर कारण क्रमांक एक.

तिसरा, "एल-एस-एम-ओ-डी". आत्ता कोणकोणती मॉड्यूल लोड आहेत त्यांची यादी.

आता समजा, मॉड्यूल आहे, पण स्वतःहून लोड होत नाही. तर "सुडो मॉडप्रोब" आणि पुढे मॉड्यूलचं नाव लिहिलं की ते तेव्हापुरतं लोड होतं. त्याने काम झालं, तर प्रत्येक वेळी आपोआप व्हावं म्हणून "ईटीसी" फोल्डरमधल्या "मॉड्यूल्स" या फाइलमध्ये ते नाव एका ओळीत लिहून ठेवायचं. आधी हाताने तपासा, मगच फाइलमध्ये लिहा. डिस्कचाच ड्रायव्हर असेल तर एवढ्याने भागत नाही, तो गाठोडीत जायला हवा. तेव्हा नाव "ईटीसी" मधल्या "इनिटरॅमएफएस-टूल्स" फोल्डरच्या "मॉड्यूल्स" फाइलमध्ये लिहून "सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस", जागा, आडवी रेघ आणि यू, ही आज्ञा द्यायची. म्हणजे गाठोडी नव्याने बांधली जाते. हे मिंट आणि डेबियनसाठी. फेडोरात हेच काम ड्रॅकट करतं.

आणखी एक. महिना-दोन महिन्यांनी अपडेट झालं आणि वाय-फाय पुन्हा गेलं, तर घाबरू नका. नवा कर्नल आला आणि बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी तयार झाला नाही, असं असू शकतं. सुरू होताना ग्रबमध्ये "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडून जुना कर्नल निवडा. मशीन आधीसारखं चालेल, मग सावकाश दुरुस्ती करा.

टाकण्याआधी एवढं नक्की करा

सगळ्यात मोठा सल्ला म्हणजे, लगेच "इन्स्टॉल" दाबू नका. मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. अर्धा तास वापरा. वाय-फाय लागतं का, गाणं वाजतं का, कॅमेरा दिसतो का, टचपॅड चालतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, हे वहीत लिहा. जे तिथे चाललं ते टाकल्यावरही बहुतेक चालतं.

प्रिंटरही तपासा. नवे वाय-फाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात, एचपीच्या बऱ्याच प्रिंटरसाठी लिनक्समध्ये चांगली सोय आहे. झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे कॅननचे एलबीपी २९०० सारखे जुने लेझर प्रिंटर मात्र त्रास देतात.

ज्यांचं सेवा केंद्र आहे, बोटांचे ठसे घेणारं यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन रोज लागतो, त्यांनी कामाच्या संगणकावर प्रयोग करू नये. यंत्र देणाऱ्या कंपनीला आधी विचारावं. पोटापाण्याचं मशीन आणि शिकायचं मशीन वेगळं ठेवलेलं बरं.

आणि हो, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर टाकताना तो इन्व्हर्टरवर लावा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अर्ध्यात गेली तर सगळं पहिल्यापासून.

शिकायचं कुठे?

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, मोफत. आपल्या देशात सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाचं भारतीय लिनक्स आणलं, त्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे. लिनक्सवर मराठी टाइप करायला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा फॉन्टही मोफत आहे. म्हणजे एकाच संगणकावर मुलगा मराठीत निबंध लिहील आणि दादाजान उर्दूत खत.

माजलगाव, अंबाजोगाई, परळी, गेवराई, कुठेही बघा. घराघरांत एखादा बंद पडलेला किंवा कोपऱ्यात टाकलेला लॅपटॉप असतोच. तो भंगारात किलोवर जाण्याआधी एकदा पेनड्राइव्ह लावून बघा. शेजारच्या डिप्लोमा करणाऱ्या मुलाला बोलवा, चहा पाजा आणि दोघे मिळून बसा. अडलंच तर वर सांगितलेल्या पायऱ्या मोजा की गाडी नेमकी कितव्या पायरीवर थांबली.

त्या अभ्यासिकेतला लॅपटॉप आता रोज चालतो. ज्या मुलीचा फॉर्म त्या रात्री मोबाईलवरून भरावा लागला, तिने पुढच्या फेरीचे पसंतीक्रम त्याच लॅपटॉपवरून भरले. आता नवं कुणी आलं की तीच दाखवते की निळा पडदा आला तर काय दाबायचं. भिंतीवर तिने स्वतःच्या अक्षरात एक कागदही चिकटवलाय: "रिस्टार्ट होताना पाणी प्यायला जाऊ नये."